अक्कांचं लिंबू

बँकेच्या दारात लिंबू ठेवून अख्ख्या बँकेला मागच्या दारानं कामाला जायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बरं, त्यांच्या मनात तसं काहीही नव्हतं. पायऱ्यांशेजारी नव्यानं केलेला उतार कितपत खडा आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. लिंबू घरंगळत येऊन पायरीच्या कोपऱ्यात अडकलं, तेवढ्यात त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि त्या लिंबू विसरून निघून गेल्या. दिवस नेमका अमावास्येचा. शिपायानं ते पाहिलं, कॅशियरला दाखवलं, कॅशियरनं मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं, आणि त्या दिवशी पुढच्या दारानं फक्त खातेदार आत गेले, तेही ज्यांची नजर खाली गेली नाही तेवढेच.

त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. जळगावात आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. इमारतीचा नकाशा मंजुरीला जातो, तेव्हा त्यात अपंग माणसासाठीच्या सोयी नियमाप्रमाणे आहेत की नाहीत, हे संगणकानंच तपासावं असा प्रोग्राम आम्ही तयार करत होतो. उताराचा चढ किती, दाराची रुंदी किती, कठडा आहे का, संडासात व्हीलचेअर वळते का, असं सगळं. प्रोग्राम लिहिणारा मी, चाळीसगावहून रोज गाडीनं येणारा. आणि ते नियम मला समजतील अशा भाषेत सांगणाऱ्या अक्का. धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात नकाशे काढण्यात त्यांची उमर गेली होती. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून पाय नव्हतेच कामाचे. व्हीलचेअरला त्या छकडा म्हणायच्या. 'दिव्यांग' हा शब्द कुणी आदरानं उच्चारला की म्हणायच्या, "दिव्य काही नको बाबा, उतार सरळ द्या."

लिंबू कशासाठी, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. बाजारात पाणपातळी मिळते, मोबाइलवरसुद्धा चढ मोजता येतो. अक्कांनी माझ्याकडे, खेड्यातून नवीन आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि त्या त्यांच्या अहिराणीवर आल्या. "लेवल-पट्टी चोरीले जास. लिंबूले कोनी हात लावत नही." पुढं बँकेनं ते सिद्धच करून दाखवलं.

ऑफिसात त्या शुद्ध बोलायच्या. राग आला किंवा माया आली की अहिराणी सुरू. कुठली अहिराणी रागाची आणि कुठली मायेची, हे ओळखायला मला वर्ष लागलं, आणि तरी मी चुकायचो. आमच्या साहेबांना तर शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. अक्का बोलायला लागल्या की ते सरळ चहा मागवायचे.

अक्कांचे दोन नियम दगडावरची रेघ होते. पहिला, न विचारता छकड्याला हात लावायचा नाही. एकदा नवीन आलेल्या एका मुलीनं भलेपणानं मागून ढकललं, तर अक्कांनी चाकांना ब्रेक लावून तिला विचारलं, "तुला न सांगता कुणी तुझा हात धरून चालायला लागलं तर?" ती मुलगी नंतर अक्कांची सगळ्यांत लाडकी झाली, ती गोष्ट वेगळी. दुसरा नियम, मला कुणी उचलायचं नाही. जिथं चाकं जातात तिथं मी जाईन, जिथं जात नाहीत तिथं बाहेर बसेन. आणि त्या खरोखर बाहेर बसायच्या. बँकेत काम असेल तर बँक बाहेर यायची. हॉटेलात पार्टी असली की अक्कांची प्लेट फुटपाथवर, आणि थोड्या वेळानं आमच्याही. लग्नात टाळ्या वाजवणाऱ्या नातेवाइकांपासून शोकसभेतल्या मंडळींपर्यंत सगळ्यांनी अक्कांना दाराबाहेरच पाहिलं होतं. सख्ख्या भावाच्या लग्नात त्या मांडवाबाहेर बसून होत्या, कारण मांडव गच्चीवर होता.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी एकदा केळीचे वेफर्स खाता खाता सांगितलं, अगदी हसत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचं कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. सकाळी चार शिपाई त्यांना खुर्चीसकट वर न्यायचे, संध्याकाळी खाली आणायचे. होळीच्या आदल्या दिवशी सगळे दुपारीच पसार झाले. चौघांपैकी प्रत्येकाला वाटलं, उरलेले तिघं बघतील. अक्का टेबलाशी बसून नकाशाला शाई देत होत्या. शाई संपली, उजेड गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इमारतीत आपण एकट्याच आहोत. खाली होळीसाठी लाकडं ओढत नेणाऱ्या पोरांना त्यांनी खिडकीतून हाका मारल्या, तर पोरांना वाटलं कार्यालयात भूत आहे. मोठ्या मुश्किलीनं चौकीदार आला. "चढवायला चौघं मिळतात," अक्का वेफर मोडत म्हणाल्या, "उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही." आम्ही सगळे हसलो. पुढं तो किस्सा आठवला की मला हसू येईनासं झालं.

असो. त्यांची काम करण्याची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा प्रोग्राम नकाशातल्या रेषा वाचायचा आणि प्रत्येक नियमापुढं हिरवी किंवा लाल खूण करायचा. सगळ्या खुणा हिरव्या झाल्या की माझ्या दृष्टीनं विषय संपला. अक्कांच्या दृष्टीनं तिथं सुरू व्हायचा. त्या छकडा माझ्या टेबलाला लावायच्या, तर्जनी पडद्यावर फाटकाशी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "चाल रे भाऊ, आपन आत जाऊत." मग ते बोट फाटकातून आत, उतारावरून वर, दारातून, व्हरांड्यातून, लिफ्टपाशी थांबून, वळून, पार संडासापर्यंत जाऊन यायचं. वाटेत बडबड चालू. इथं चपलांचा ढीग असेल. इथं वॉचमन खाट टाकेल. माझ्या पडद्यावर त्यांच्या बोटाची तेलकट वाट कायमची उमटलेली होती. नकाशा कितीही देखणा असो, अक्का मान हलवायच्या. "नकाशावर कोनी पडत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हळूहळू प्रोग्राम बरा चालायला लागला. जळगावचे, धुळ्याचे, तालुक्याच्या गावांचे नकाशे धो धो यायला लागले. बोटाला एवढा वेळ कुठला? साहेब बिचकत बिचकत विषय काढणार, तेवढ्यात अक्काच म्हणाल्या की आता माझ्या बोटाची गरज नाही. आम्ही चाट पडलो. पण त्यांचा प्रोग्रामवर जीव बसला होता, माझ्यापेक्षा जास्त. कारणही त्यांच्यासारखंच होतं. माणूस तपासायला बसला की त्याला बिल्डरची कीव येते, नाहीतर अपंगांची कीव येते. कीव आली की तो म्हणतो, जाऊ द्या, चार माणसं उचलून नेतील. "मशीनले दया येत नही," अक्का म्हणाल्या, "हाई चांगलं शे." त्या दिवसापासून त्यांनी पडद्याला बोट लावलं नाही. मी पडदा पुसून घेतला.

अशात त्यांच्या भाच्याचं लग्न ठरलं. धाकट्या भावाचा हा मुलगा, आई लवकर गेल्यामुळं अक्कांच्याच हाताखाली वाढलेला. धुळ्यात त्याचं औषधाचं दुकान होतं. तो त्यांना फुई म्हणायचा, आमच्याकडं आत्याला फुईच म्हणतात. मुलगी यावलकडची, केळीचे बाग असलेल्या घरातली. लग्न मुलीकडच्यांनी नशिराबादजवळ, महामार्गावरच्या नव्या मंगल कार्यालयात धरलं होतं.

कार्यालयाचं नाव ऐकल्याबरोबर अक्कांनी मला काम बाजूला ठेवायला लावलं. त्याचा नकाशा आमच्याच प्रोग्राममधून गेला होता. मी तो काढून पुन्हा चालवला. उतार नियमाप्रमाणे बारास एक, म्हणजे बारा फुटांत फूटभर चढ, रुंदी भरपूर, दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये विसाव्याची सपाट जागा. दारं रुंद, स्टेजलासुद्धा उतार. लाल खूण एकही नाही. अक्का चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होत्या. "बठ्ठं हिरवं शे," त्या म्हणाल्या, आणि ही अहिराणी मायेची होती हे मलासुद्धा कळलं. मग त्यांनी सबंध ऑफिसला जाहीर केलं की या लग्नात मी आत बसणार आहे. स्टेजच्या पुढं, पहिल्या रांगेत. अक्षता मी माझ्या हातानं मुलाच्या डोक्यावर टाकणार.

पुढचे दिवस त्यांनी आमचं डोकं खाल्लं. पैठणी घेतली, ती चाकात अडकू नये म्हणून तिच्या काठाला आतून पट्टी लावून घेतली. छकड्याला तेलपाणी केलं. ज्यांच्या लग्नात त्या बाहेर बसल्या होत्या त्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून आपण कुठं बसणार ते सांगितलं. भाच्यानं म्हणे विचारलं होतं, फुई, एकदा जाऊन बघून येऊ का? तर अक्कांनी त्याला झापलं. मशीननं बघितलंय, तू काय जास्त बघणार?

लग्नाच्या दिवशी मी आणि साहेब जळगावहून जरा लवकरच पोचलो. महामार्ग दर डांबरीकरणाला उंच होत जातो, त्यामुळं त्याच्या कडेला बांधणारा माणूस जोतं आधीच छातीएवढं घेतो. या कार्यालयाचंही तसंच. समोर रुबाबदार उंच पायऱ्या, आणि डाव्या अंगाला आमचा उतार. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आपण पडद्यावर हिरवं केलेलं सिमेंटमध्ये बघायला मिळतं कुठं?

अक्का वऱ्हाडाबरोबर आल्या, पैठणी, नाकात नथ, मांडीवर पर्स. उताराच्या पायथ्याशी थांबून त्यांनी पर्समधून लिंबू काढलं, उतारावर ठेवलं, ते कसं घरंगळतं ते पाहिलं आणि उचलून घेतलं. आजूबाजूच्या दोन बायका पटकन मागं सरकल्या. मग अक्कांनी मला सांगितलं, मागं राहा, हात लावू नको, आणि चाकं फिरवत निघाल्या. मधल्या सपाट जागेवर त्यांनी दम खाल्ला, मागं वळून माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या, आणि उरलेला चढ चढून वर पोचल्या.

वर भिंत होती.

दार नव्हतं. दाराची जागाही नव्हती. पिवळ्या रंगाची नवीकोरी भिंत, तिच्यावर 'शुभविवाह' लिहिलेलं, आणि हात पोचणार नाही एवढ्या उंचावर कोठीघराची जाळीची खिडकी. उतार सुंदर होता आणि तो भिंतीपाशी संपत होता.

कार्यालयाचे मालक धावत आले. आपली काही चूकच नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत होते. नकाशात होता तसाच बांधला, इंचाचा फरक नाही, पास झालेला नकाशा आहे. आणि ते खरंच होतं. नकाशा काढणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीचा चांगला उतार उचलून, जिथं जागा दिसली तिथं चिकटवला होता. प्रोग्रामनं उतार तपासला, दार तपासलं, दोन्ही उत्तम. उतार दाराकडं जातो का, असा प्रश्न त्याला कुणी शिकवलाच नव्हता. अक्कांच्या नियमांत तो नव्हता. त्यांचं बोट ते न सांगता करायचं.

अक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चूक मन्ही शे. रस्ता कोठे जास, हाई बी लिखनं पडस का, असं वाटनं माले."

एव्हाना उतारावर गर्दी झाली. चार दांडगे पोरगे बाह्या सरसावून तयारच. अक्कांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं, तशी ते थबकले. मग नवरदेव स्वतः आला, फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार, तशाच अवतारात पायऱ्या उतरून उतार चढून. आजच्या दिवस माझ्यासाठी, असं काकुळतीला येऊन म्हणाला. मी एकटा उचलतो फुई, दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता अक्का नाही म्हणू शकणार नाहीत. मनातून मलाही वाटत होतं, एकदा जावं त्यांनी, काय बिघडतं.

अक्कांनी त्याच्या मुंडावळ्या सरळ केल्या. "लगीन तुन्हं शे भाऊ," त्या म्हणाल्या. "मन्ही पालखी कसाले काढी ऱ्हायना? जाय, मुहूर्त टळी जाई."

त्यानं शेल्यानं डोळे पुसले. मग गेला.

साहेब आत गेले, मी राहिलो. आतून भटजींचा आवाज भोंग्यावर आला. मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी अक्षतांची ताटली आणून दिली होती, ती अक्कांच्या मांडीवर होती. प्रत्येक 'सावधान'ला त्या मूठभर अक्षता घ्यायच्या आणि समोरच्या भिंतीवर टाकायच्या. भिंतीला लागून तांदूळ त्यांच्याच पदरात पडत होते. त्या पदर झटकत नव्हत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अक्का रडल्या नाहीत. वाजंत्री वाजायला लागली तेव्हा त्यांनी मला मोबाइल काढायला लावला आणि नियम लिही म्हणाल्या, अगदी ऑफिसच्या शुद्ध आवाजात.

"उताराच्या वरच्या टोकाला दार असावं. ते आत उघडणारं असावं. आणि त्या दारातून, बाकीची माणसं जिथं बसलेली आहेत, तिथपर्यंत जाता यावं."

नवरानवरी पाया पडायला उतारावरच आले. जेवणाचं ताटही तिथंच आलं. अक्कांनी सुनेचं तोंडभरून कौतुक केलं, केळीचे भाव विचारले, आणि संध्याकाळी वऱ्हाडाबरोबर धुळ्याला गेल्या. त्या उतरून गेल्यावर मला दिसलं, वर भिंतीच्या बुडाशी लिंबू होतं. विसरलं की ठेवलं, हे मी पुढं दहादा विचारलं. अक्का नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

मी नवा नियम प्रोग्राममध्ये घातला. आता प्रोग्राम फाटकापासून निघून एक एक पाऊल टाकत आतपर्यंत जाऊन बघतो. त्या भागाला मी 'अक्कांचं बोट' असंच नाव दिलं, ते अजून तसंच आहे. मग जुने नकाशे पुन्हा चालवले आणि लाल खुणांचा पाऊस पडला. एक उतार सेप्टिक टँकवर पोचत होता, एक निंबाच्या बुंध्यावर, एक थेट विजेच्या डीपीत. साहेबांनी डोक्याला हात लावला. पण अक्का समोर बसल्या होत्या, म्हणून सगळ्यांना कळवलं. काहींनी दुरुस्त केलं, काहींनी आम्हांलाच शिव्या दिल्या. नशिराबादचे मालक मात्र ढिम्म. नकाशा पास आहे, कागद माझ्याकडं आहे, एकच पालुपद. अक्कांनी रीतसर तक्रार केली. त्यावरही हू नाही की चू नाही.

आणि एक दिवस मालकांचाच मला फोन आला, आवाज एकदम नरम. लग्नानंतर त्यांच्या कार्यालयाला तारखाच मिळेनात. खरं म्हणजे ते दिवसच बिनमुहूर्ताचे होते, पण भिंतीपाशी लिंबू, समोर तांदूळ विखुरलेले, हे आचाऱ्यांनी पाहिलं होतं आणि तालुकाभर सांगितलं होतं. मालकांनी कुणा जाणकाराला आणून दाखवलं. तो म्हणाला, इथून येणारी लक्ष्मी भिंतीवर आपटून परत जाते आहे, इथं दार काढा. मालकांनी त्याच आठवड्यात भिंत फोडली, कोठीघर मागं हलवलं, थेट हॉलमध्ये उघडणारं चांगलं रुंद दार बसवलं. "तेवढं ते लिंबू," मालक म्हणाले, "त्यांनाच येऊन उचलायला सांगा. आमच्याकडं कुणी हात लावत नाही."

मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की छकडा हलायला लागला. नियमांची एवढी पुस्तकं वाचली, म्हणाल्या, आणि कामाला आलं लिंबू.

भाच्याला मुलगी झाली. बारसं कुठं करायचं हा प्रश्नच नव्हता. त्यानं नशिराबादचंच कार्यालय घेतलं. भाच्याला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान अक्कांना, बाळाच्या कानात नाव त्याच सांगणार.

तीच पैठणी नेसून अक्का आल्या. सगळे नातेवाईक आधीच आत जाऊन बसले होते, तसं त्यांनीच बजावलं होतं. स्वागताला कुणी नको, बाहेर कुणी थांबायचं नाही. फक्त मी मागं. दाराशी कोपऱ्यात ते लिंबू होतं, सुकून काळं सुपारीएवढं झालेलं. अक्कांनी वाकून ते उचललं, झुडपात भिरकावलं आणि उंबरठा नसलेल्या त्या दारातून आत गेल्या. आत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्या आजींनी नुसतं म्हटलं, "उनी का माय, बठ." आलीस का, बस, एवढंच. अक्का त्यांच्या शेजारी जाऊन थांबल्या, सगळ्यांच्या रांगेत.

नाव ठेवून झालं, पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेली वांगी. सवयीनं अक्कांनी पर्समध्ये हात घालून ताजं लिंबू काढलं. आता जमिनीचा उतार बघणार म्हणून मी पाय आवरून घेतले, शेजारच्या बायकाही सावध झाल्या. अक्कांनी लिंबू हातात धरून एकवार सगळ्या हॉलकडं पाहिलं. मग वाढपी पोराकडून सुरी मागितली, लिंबू चिरलं, आणि वरणावर पिळलं.